उपाशी आहात ना?

"आणखी किती वेळा तेच तेच विचारणार आहेत हे लोक?"

हे वाक्य माझे आहे. हॉस्पिटलात आईच्या खाटेशेजारी उभा राहून, सकाळी साडेआठच्या सुमारास मी ते म्हटले. नर्सला कळू नये म्हणून मराठीतून म्हटले. तिला शब्द कळले नसतील, पण सूर नक्कीच कळला असणार. त्या वाक्याची आज लाज वाटते, म्हणूनच हा लेख.

आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे, संध्याकाळपर्यंत घरी, असा बेत होता. आपल्या ओळखीच्या निम्म्या घरांत हे ऑपरेशन कोणाचे ना कोणाचे झालेले असते, त्यामुळे काळजीचे फारसे कारण नव्हते. मी ऑफिसातून रजा घेतली होती, बायकोने मुलांच्या शाळेची व्यवस्था लावली होती, आणि पुढचे चार दिवस मदतीला म्हणून माझी बहीण दुसऱ्या राज्यातून विमानाने आली होती.

हॉस्पिटलात पोचल्यापासून प्रश्न सुरू झाले. नाव काय, जन्मतारीख काय, कोणते ऑपरेशन आहे, कशाची ॲलर्जी आहे का, शेवटचे कधी खाल्ले. नोंदणीच्या टेबलावर हे प्रश्न झाले, आत कपडे बदलताना झाले, सलाईन लावताना पुन्हा झाले. आईला इंग्रजी बेताचे येते, म्हणून दुभाष्याचे काम मी करत होतो. "अगं आई, उपाशी आहेस ना?" असे मी विचारले. ती म्हणाली, "हो रे, आज एकादशी. कडक उपास आहे." मी नर्सला सांगितले, "येस, शी इज फास्टिंग." फॉर्मवर खूण झाली.

तिसऱ्या वेळी विचारणारी नर्स पन्नाशीची, मूळची फिलिपाईन्सची होती. तिने माझे उत्तर ऐकून घेतले आणि म्हणाली की तिला दुभाष्याकडून ऐकायचे आहे. मी म्हटले, मी मुलगा आहे, मला इंग्रजी उत्तम येते. ती हसली आणि म्हणाली, "म्हणूनच." तिने फोनवर मराठी दुभाषी बाई बोलावल्या. त्यात दहा मिनिटे गेली, आणि त्याच दहा मिनिटांत मी ते वरचे वाक्य म्हटले.

दुभाषी बाईंमार्फत तिने प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. "मावशी, आज सकाळी उठल्यापासून तुमच्या तोंडात काय काय गेलं? पाण्यापासून सगळं सांगा."

आईने सरळपणे सांगून टाकले, "काही नाही हो, साडेपाचला वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि अर्धा कप चहा. उपासाचंच."

मी खुर्चीत बसलो. नर्सने पेन खाली ठेवले आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावले. मागोमाग सर्जन आले. घड्याळाकडे पाहून ते म्हणाले की वाटीभरच आहे, थोडा वेळ थांबून करता येईल का. नर्स शांतपणे म्हणाली, "आठ तास झालेले नाहीत. तूप आहे, शेंगदाणे आहेत. मी हिला आत नेऊ शकत नाही." भूलतज्ज्ञांनी तिची बाजू उचलून धरली. त्या दिवशी पुढची वेळ शिल्लक नव्हती, म्हणून ऑपरेशन दोन दिवस पुढे गेले.

मी रागावलो होतो. गाडीत आईला बोललो. घरी येऊन हॉस्पिटलचा अभिप्रायाचा फॉर्म भरला आणि त्यात लिहिले की नर्सेस तेच प्रश्न वारंवार विचारतात, वेळेचा अपव्यय होतो. आईने संध्याकाळी एवढेच म्हटले, "अरे, तिने विचारलं म्हणून मी सांगितलं. तू विचारलंस तेव्हा तू विचारलंच नव्हतंस."

तिचे बरोबर होते. 'उपास' ह्या शब्दात आपल्याकडे खिचडी, रताळे, वरीचे तांदूळ, दूध, चहा एवढे सगळे मावते. त्या नर्सने मला नंतर सांगितले की तिच्या घरी लेंटमधल्या शुक्रवारी मांस चालत नाही, पण मासे चालतात. उपास हा शब्द घरोघरी वेगळा असतो, हे तिला स्वतःच्या घरातून माहीत होते. मला ते माझ्या घरातून माहीत असायला हवे होते.

पोट रिकामे का हवे

थोडे शास्त्र सांगतो. जागेपणी घशात काही आले तर ठसका लागतो आणि श्वासनलिका वाचते. पूर्ण भूल दिली की हा ठसका थांबतो, स्नायू सैल पडतात. पोटात अन्न असेल तर ते आंबट पाचकरसासह वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. त्यातून गंभीर न्यूमोनिया होतो, क्वचित जीवही जातो. म्हणून इथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा सर्वसाधारण नियम असा आहे: नितळ द्रव, म्हणजे पाणी किंवा बिनदुधाचा चहा, दोन तास आधीपर्यंत, हलके खाणे आणि दूध सहा तास आधीपर्यंत, तळलेले, तुपकट असेल तर आठ तास किंवा अधिक. दुधाचा चहा हा पाण्यात नव्हे, दुधात मोजायचा.

म्हणजे माझ्या आईच्या बाबतीत 'येस' ह्या एका शब्दात खराखुरा धोका लपलेला होता. तो दोन फॉर्मांतून आणि एका इंजिनिअर मुलाच्या हातून निसटला आणि एका नर्सच्या चिकाटीमुळे सापडला.

पडद्यामागच्या नर्सेस

ऑपरेशन म्हटले की आपण सर्जनचे नाव विचारतो. फार तर भूल कोण देणार हे विचारतो. नर्सेसची मोजदाद आपण करतच नाही. प्रत्यक्षात ऑपरेशनआधी तयारी करणारी नर्स वेगळी, थिएटरात निर्जंतुक हातांनी हत्यारे देणारी वेगळी, बाहेरून सगळ्यावर लक्ष ठेवून नोंदी करणारी वेगळी, आणि शुद्धीवर येताना श्वास, रक्तदाब, वेदना पाहणारी वेगळी. अमेरिकेत तर अनेक ठिकाणी भूलही खास शिक्षण घेतलेली नर्स देते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

पोटात बोळा किंवा सुई राहू नये म्हणून सुरुवातीला आणि जखम बंद करण्याआधी प्रत्येक वस्तू दोघींनी मिळून, मोठ्याने मोजायची असते. आकडा जुळला नाही तर शोधाशोध होते, गरज पडल्यास एक्स-रे काढतात. कल्पना करा, सर्जन थकलेले आहेत, पुढचा पेशंट खोळंबला आहे, आणि एक नर्स म्हणते, "एक बोळा कमी आहे, थांबा." हे 'थांबा' म्हणता येणे, आणि म्हटल्यावर सगळ्यांनी खरोखर थांबणे, ह्यालाच मी सुरक्षिततेची संस्कृती म्हणतो. बाकी यंत्रे, फॉर्म, भिंतीवरची पोस्टरे हे सगळे त्यानंतर.

जेव्हा 'थांबा' ऐकले जात नाही

ते ऐकले गेले नाही तर काय होते, ह्याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. मार्च २००५ मध्ये मार्टिन ब्रॉमिली ह्या वैमानिकाची ३७ वर्षांची पत्नी इलेन सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मोकळा ठेवता येईना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. एका नर्सने गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य आणून ठेवले आणि ते तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. पण डॉक्टरांच्या नजरेवरून आपण उगाच घाबरतो आहोत असे वाटून तिने ती खाट रद्द केली. काय करायला हवे हे खोलीतल्या काही जणींना कळले होते, पण ते ठासून कसे सांगावे हे कळले नव्हते. तेरा दिवसांनी इलेन गेली.

ब्रॉमिलींनी कोणाला तुरुंगात घालण्याचा आग्रह धरला नाही. विमान अपघातानंतर जशी चौकशी होते तशी चौकशी मागितली, आणि २००७ मध्ये माणसांच्या चुका कशा घडतात ह्यावर काम करणारा एक गट इंग्लंडमध्ये उभा केला. विमानाच्या क्षेत्राने हा धडा आधीच घेतला होता: कॅप्टन कितीही ज्येष्ठ असला तरी शेजारच्या कनिष्ठाने बोलले पाहिजे, आणि कॅप्टनने ऐकले पाहिजे.

कागद पुरेसा नाही

ऑपरेशनपूर्व तपासणीची यादी आज जगभर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या १९ कलमी यादीमागे डॉ. अतुल गावंडे हे प्रमुख नाव. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे विदर्भातल्या उटी गावचे, पुढे ओहायोत स्थायिक झालेले, त्यामुळे आपल्याला त्यांचे विशेष कौतुक. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट थिएटरातून बाहेर जाण्याआधी असे तीन थांबे त्या यादीत आहेत. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हेही त्यात आहे. सर्जनने जिचे नाव एकदा ऐकले आहे, तिला पुढे 'थांबा' म्हणणे थोडे सोपे जाते.

आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली गेली. त्यात सिॲटल आणि लंडन होते, तशी दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, आणि गंभीर गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर.

पण गोष्ट इथे संपत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात अशी यादी सर्वत्र लागू केली गेली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ह्या अभ्यासावर पुष्कळ वाद झाला. मी डॉक्टर नाही, पण सॉफ्टवेअरच्या धंद्यात मला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. नवे सॉफ्टवेअर ग्राहकाकडे पाठवण्याआधी आमच्याकडेही यादी असते. घाईच्या दिवशी कोणीतरी सगळ्या चौकोनांत एका दमात खुणा करतो. यादी पूर्ण होते, तपासणी होत नाही. माझ्या 'येस'वर नर्सने केलेली खूण अशीच होती, आणि त्यात तिच्याइतकाच माझाही वाटा होता.

शिक्षा आणि मौन

आता वादाचा मुद्दा. डिसेंबर २०१७ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिल येथे एका ७५ वर्षांच्या रुग्ण बाईंना स्कॅनआधी मन शांत करणारे औषध द्यायचे होते. नर्सने संगणकीकृत कपाटात औषधाच्या नावाची पहिली दोन अक्षरे टाइप केली. हवे ते औषध मिळेना, तेव्हा तिने सुरक्षेची पायरी ओलांडून दुसरेच औषध काढले. ते होते भूल देताना स्नायू लुळे करण्यासाठी वापरायचे. त्या बाई दगावल्या. नर्सने आपली चूक लगेच कबूल केली. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवले, मे महिन्यात तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली.

आमच्या मित्रमंडळीत ह्यावर जोरात चर्चा झाली. एक स्नेही म्हणाले, "माझी आई असती तर मी सोडले नसते." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. इशारे डावलले गेले होते, आणि एक जीव गेला. परवाना काढून घेतला हे मला समजते. पण फौजदारी खटल्याने काय साधले? देशभरातल्या नर्सेसना असा संदेश गेला की कबूल कराल तर आरोपी व्हाल. उद्या माझ्या आईला देताना एखादे औषध चुकीचे निघाले, तर ते वेळेत कळणे हाच तिचा जीव वाचवण्याचा मार्ग असेल. ते कळायचे तर चूक करणाऱ्या व्यक्तीला पुढच्याच मिनिटाला तोंड उघडण्याची हिंमत हवी. माझे मत स्पष्ट आहे: लपवणाऱ्याला कडक शिक्षा व्हावी, जाणूनबुजून बेपर्वाई करणाऱ्यालाही व्हावी, पण प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला सांगितल्याबद्दल भोगावे लागू नये. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून कपाट, औषधांची नावे, कामाचा बोजा हे सगळे तपासले जावे.

आपला वाटा

हॉस्पिटलांना दोष देऊन हा लेख संपवणे सोपे आहे. पण ह्या संस्कृतीत आपणही असतो. आपल्याकडे 'डॉक्टरसाहेब' हा मोठा शब्द आणि 'नर्सबाई' हा छोटा. डॉक्टरांनी विचारले की सावरून बसतो, नर्सने विचारले की "सांगितलं ना मघाशी" म्हणतो. मोठ्या माणसाला थांबवणे म्हणजे उद्धटपणा, हे आपण लहानपणापासून शिकलो. मग थांबवणाऱ्या नर्सचे काम आपल्याला आगाऊपणाचे वाटते ह्यात नवल नाही. आणि माझ्यासारखे लोक वर तक्रारीचे फॉर्मही भरतात. अशा दहा तक्रारी आल्या की अकरावी नर्स दुभाष्याला फोन लावणार नाही.

पैशाचा हिशेबही करून पाहिला. दोन दिवस रजा वाढली, बहिणीचे तिकीट बदलावे लागले. त्या वेळी ते मोठे वाटले. पण फुप्फुसात अन्न जाऊन आई अतिदक्षता विभागात गेली असती तर तो हिशेब मांडायला मी कागद हातात घेतला नसता.

म्हणून वाचकांना काही सूचना, स्वतःच्या चुकीतून शिकलेल्या:

१. 'उपाशी आहेस ना?' असे विचारू नका. 'उठल्यापासून तोंडात काय गेले?' असे विचारा. ऑपरेशनच्या दिवशी एकादशी, चतुर्थी, सोमवार येतो का हे आधी पाहा. घरातल्या ज्येष्ठांना आदल्या रात्रीच सांगा की हा उपास देवाचा नव्हे, भुलीचा आहे. हॉस्पिटलने दिलेल्या वेळा अंतिम माना.

२. औषधांची यादी लिहून न्या. त्यात काढे, आयुर्वेदिक गोळ्या, हळदीच्या व लसणाच्या कॅप्सूल हेही लिहा. काहींचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. मधुमेहासाठी किंवा वजनासाठी दर आठवड्याला घ्यायची नवी इंजेक्शने चालू असतील तर ती आधीच सांगा, कारण त्यांनी पोट रिकामे व्हायला वेळ लागतो. बंद करायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, मनाने ठरवू नका.

३. घराण्यात कोणाला भुलीचा गंभीर त्रास झाला असेल तर तो विसरू नका. 'काकांना ऑपरेशन टेबलावर एकदम ताप चढला होता' ही जुनी हकीकतही महत्त्वाची असू शकते.

४. दुभाषी मागा. सरकारी निधी घेणाऱ्या इथल्या हॉस्पिटलांना तो मोफत द्यावा लागतो. मुलाने किंवा सुनेने मध्ये भाषांतर करू नये. आपण प्रेमापोटी आणि घाईपोटी उत्तर आटोपते करतो, आणि आईवडील आपल्यासमोर काही गोष्टी सांगतही नाहीत.

५. जन्मतारीख कागदावरचीच सांगा. आपल्या कित्येक ज्येष्ठांची शाळेत मास्तरांनी घातलेली तारीख १ जून आणि खरी तारीख दुसरीच असते. नर्स मनगटावरच्या पट्टीशी ताळा करत असते. तारीख चुकली तर ती थांबेल, आणि तिने थांबलेच पाहिजे.

६. डावे-उजवे असा प्रश्न असेल तेव्हा सर्जनने जागेवर खूण करेपर्यंत भूल घेऊ नका.

७. ऑपरेशन ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: "तुमच्या थिएटरात नर्सने थांबा म्हटले तर काय होते?" उत्तर लगेच आणि मोकळेपणी आले तर समाधान माना. प्रश्नच विचित्र वाटला तर विचार करा.

आपल्या मंडळातही नर्सेस आहेत. गणपतीच्या जेवणावळीत त्या बारा तासांची ड्युटी करून येऊन पोळ्या वाढत असतात, आणि आपण त्यांच्याशेजारी बसलेल्या डॉक्टरांना गुडघेदुखीबद्दल विचारत असतो. एखाद्या कार्यक्रमात त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवावे आणि ऑपरेशनची तयारी कशी करावी हे मराठीतून सांगायला लावावे, अशी मंडळाच्या समितीला माझी विनंती आहे.

असो. दोन दिवसांनी आईचे ऑपरेशन नीट झाले. त्या सकाळी योगायोगाने तीच नर्स होती. तिने विचारण्याआधीच आईने तिला जवळ बोलावले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितले, "नो खिचडी. नो टी. ओन्ली वॉटर, सिक्स ओ'क्लॉक." नर्सने तिचा हात हातात घेतला. मग तिने दुभाष्याला फोन लावून तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. ह्या वेळी मी मध्ये बोललो नाही.

घरी आल्यावर मी हॉस्पिटलला दुसरे पत्र लिहिले, आणि पहिली तक्रार मागे घेतली.